टिकाग्रेलॉर चालू असताना तातडीची बायपास: एका रुग्णाचे प्रकरण

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वैद्यकीय क्रम मात्र तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

रुग्ण ५८ वर्षांचे, पारोळा तालुक्यातले कापूस उत्पादक शेतकरी. वजन ६८ किलो, बारा वर्षांचा मधुमेह, क्रिएटिनिन १.४, हिमोग्लोबिन ११.२. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून आणलेली ॲसिक्लोफेनॅकची गोळी आठवड्यातून तीन-चार वेळा पोटात जायची. ही बाब घरच्यांना औषधात मोजण्यासारखी वाटली नव्हती. पण असल्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात आणि प्लेटलेट्सचे (रक्त गोठवायला लागणाऱ्या कणांचे) चिकटणेही कमी करतात, म्हणून ती विचारून काढावी लागते.

सोमवारी रात्री साडेदहाला छातीत दुखू लागले. तालुक्याच्या दवाखान्यात ईसीजी काढला, ॲस्पिरिन ३२५ मि.ग्रॅ., प्लेटलेट्स चिकटू न देणारे टिकाग्रेलॉर १८० मि.ग्रॅ. आणि रक्त गोठू न देणारे एनॉक्सापॅरिन ६० मि.ग्रॅ. त्वचेखाली दिले आणि महामार्गाने जळगावकडे रवाना केले. सोबतच्या चिठ्ठीत एवढेच होते: ‘लोडिंग डोस दिला आहे’, म्हणजे पहिला मोठा डोस. औषधाचे नाव नाही, वेळ नाही. नातेवाइकांच्या हातात मात्र टिकाग्रेलॉर ९० मि.ग्रॅ.ची दहा गोळ्यांची पट्टी दिलेली होती, ‘सकाळ-संध्याकाळ’ असे पेनाने लिहून.

मंगळवारी पहाटे दोनला रुग्ण जिल्ह्याच्या ठिकाणच्या हृदयरुग्णालयात पोहोचले. ईसीजीत बऱ्याच लीडमध्ये (नोंदींमध्ये) एसटी हा आलेखाचा भाग दबलेला आणि एव्हीआर या लीडमध्ये उचललेला. हे चित्र डाव्या मुख्य धमनीकडे बोट दाखवते. सकाळच्या अँजिओग्राफीत तेच निघाले: डावी मुख्य धमनी दुभाजकापाशी, म्हणजे तिला दोन फाटे फुटतात तिथे, ८५ टक्के अरुंद, तिथे कॅल्शियमचा थर, पुढच्या दोन्ही शाखा खराब, उजवी धमनी जुनी बंद. हृदयाची पंपिंग क्षमता ४० टक्के.

तालुक्याला फोन करून औषध टिकाग्रेलॉर असल्याची खात्री केली. ते थांबवले, ॲस्पिरिन ७५ मि.ग्रॅ. आणि रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची ड्रिप चालू ठेवली आणि शस्त्रक्रिया शनिवारी सकाळी ठरवली. यात चूक काही नव्हती. टिकाग्रेलॉरनंतर बायपाससाठी किमान तीन आणि जमल्यास पाच दिवस थांबावे, त्याच कामाच्या क्लोपिडोग्रेलनंतर पाच आणि प्रासुग्रेलनंतर सात, हा सर्वमान्य हिशेब आहे.

अडचण

बुधवारी रात्री अकराला दुखणे परत आले. रक्तदाब ९० पर्यंत उतरला, एसटी आणखी खाली, लॅक्टेट (शरीराला रक्त कमी पडल्याची खूण) ३.१. मांडीतून बलून पंप, म्हणजे महाधमनीत फुगून हृदयाला आधार देणारा फुगा, बसवला. दुखणे ओसरले, पण ईसीजी पूर्ववत झाला नाही. शनिवारपर्यंत थांबणे आता शक्य नव्हते.

कागदावरच्या हिशेबाने शेवटचा डोस सोमवारी रात्रीचा, म्हणजे गुरुवारी सकाळी सातपर्यंत साधारण ५६ तास. काठावरचे, पण निभावता येण्यासारखे.

मध्यरात्री संमतीपत्रासाठी बसलेल्या भूलतज्ज्ञांनी नेहमीचा प्रश्न विचारला: सोबत आणलेली औषधे कुठे आहेत? पत्नीने प्लास्टिकची पिशवी पुढे केली. पट्टीतले तीन खण रिकामे होते.

“मावशी, ह्या गोळ्या कोणी दिल्या?”

“मीच दिन्ही ना. दवाखानामा सांगेल व्हतं, गोई चुकाले नको.”

मंगळवारी सकाळी, मंगळवारी संध्याकाळी आणि बुधवारी सकाळी साडेआठला, भेटीच्या वेळेत. बुधवारी संध्याकाळी जीव घाबरतोय म्हणून दिली नाही. म्हणजे ५६ तासांचे २२ तास झाले. टिकाग्रेलॉर प्लेटलेटला कायमचे चिकटत नाही, पण रक्तात फिरत असते आणि मोकळ्या सापडलेल्या प्रत्येक प्लेटलेटला धरते. २२ तासांनी परिणाम चांगलाच शिल्लक असतो. त्यातली खरी अडचण वेगळीच. बाहेरून दिलेल्या ताज्या प्लेटलेट्सनाही तेच औषध निकामी करते, त्यामुळे शेवटच्या डोसनंतरच्या पहिल्या दिवसात नुसत्या पिशव्या चढवत राहण्याने फारसे साधत नाही.

समोरचे पर्याय

पहिला, बलून पंपावर आणखी दोन दिवस काढणे आणि मध्ये टिरोफिबान या औषधाची ड्रिप. टिरोफिबान गुठळी होऊ देत नाही, पण ८५ टक्के अरुंद नळीतून रक्त वाढवत नाही. इथे दुखणे अरुंदपणाचे होते. हा पर्याय पाच मिनिटांत बाद झाला.

दुसरा, स्टेंट. टिकाग्रेलॉर अंगात असणे स्टेंटसाठी सोयीचेच, म्हणून यावर खरी चर्चा झाली. दुभाजकावर कॅल्शियम, मधुमेह, क्षमता ४० टक्के आणि उजवी धमनी बंद असल्याने आधाराला दुसरी वाट नाही. फुगा फुगवला आणि डावी बाजू काही सेकंद बंद राहिली, तर सावरायला जागा नव्हती. हृदयरोगतज्ज्ञांनी ‘शस्त्रक्रिया अशक्यच ठरली तर शेवटचा उपाय’ असे लिहून ठेवले.

तिसरा, धडधडत्या हृदयावरची, म्हणजे पंपाशिवायची (हृदय-फुफ्फुस यंत्राशिवायची) बायपास. आपल्याकडे ही पद्धत सर्रास चालते आणि रक्तस्राव कमी ठेवायला ती चांगली: हेपॅरिन कमी लागते, रक्त पातळ होत नाही, नळ्यांशी घासून प्लेटलेट्स खराब होत नाहीत. सर्जनांचा पहिला कल इकडेच होता. विरोधात एकच मुद्दा होता, पण वजनदार. मागच्या बाजूची धमनी शिवायला हृदय उचलावे लागते आणि या हृदयाला ते सोसेल याची खात्री नव्हती. मध्येच रक्तदाब कोसळून घाईत पंपावर जावे लागले, तर दोन्ही पद्धतींचे तोटे एकाच वेळी पदरात पडतात.

चौथा, पंपावर शस्त्रक्रिया आणि पंपाच्या सर्किटमध्ये शोषक कार्ट्रिज. या डब्यात सच्छिद्र पॉलिमरचे मणी असतात. रक्त त्यांच्यावरून वाहताना टिकाग्रेलॉरसारखे रेणू मण्यांत अडकतात. त्याविषयी सावधपणे बोलायला हवे. रुग्णालयांच्या निरीक्षणांतून आलेले आकडे उत्साहवर्धक होते, पण उत्तर अमेरिकेतल्या स्टार-टी या दुहेरी अंध चाचणीत रक्तस्राव कमी करण्याचे मुख्य उद्दिष्ट गाठले गेले नाही. टिकाग्रेलॉर निष्प्रभ करणारे बेंट्रासिमॅब हे प्रतिपिंड हाताशी नव्हते.

चौथा पर्याय ठरला. कार्ट्रिज मात्र जळगावात नव्हते. महाग वस्तू, वापर कमी, कपाटात मुदत संपते, म्हणून लहान केंद्रे ती ठेवत नाहीत. रात्री एकला नाशिकहून गाडी निघाली.

मग प्रश्न आला की पाच तास थांबायचे का. इथे हिशेब उपयोगी पडला. रक्ताची जुळवणी, प्लेटलेट्सचे दाते, ओटीची तयारी यांत तीन तास तसेही जाणार होते. खरी वाट पाहणे दोन तासांचे. अट आधीच फळ्यावर लिहिली: रक्तदाब बलूनसह ८० च्या खाली गेला, हृदयाची लय बिघडली किंवा लॅक्टेट ४ ओलांडले, तर कार्ट्रिजविना सुरू करायचे.

रक्तपेढीची रात्र

प्लेटलेट्स २० ते २४ अंशांवर, सतत हलवत ठेवाव्या लागतात आणि पाच दिवसच टिकतात. त्यामुळे जिल्ह्याच्या ठिकाणी एका दात्याकडून यंत्रावर काढलेली एसडीपी पिशवी तयार मिळेलच असे नाही. दाता शोधा, तपासण्या करा, मग तास-दीड तास यंत्रावर बसवा. रात्री दीडला पुतणे आणि गावातली पोरे मिळून पाच जण रक्तपेढीत उभे होते. त्यांतल्या एकाला परत पाठवावे लागले. आदल्या दिवशी डोके दुखले म्हणून त्याने डिस्प्रिन घेतली होती. ॲस्पिरिन घेतलेल्या दात्याच्या प्लेटलेट्स तीन दिवस चालत नाहीत, आणि हा प्रश्न रात्री दीडला हमखास विचारायचा राहतो. पहाटे साडेपाचपर्यंत दोन एसडीपी तयार झाल्या.

त्यांच्याबरोबर लाल पेशींच्या चार पिशव्या आणि क्रायोच्या (गोठण्याची प्रथिने एकवटलेल्या प्लाझ्मा-घटकाच्या) दहा पिशव्या राखून ठेवल्या. क्रायो गोठलेलेच ठेवले, कारण एकदा वितळवले की काही तासांतच वापरावे लागते. एसडीपी ओटीतल्या फ्रिजमध्ये ठेवायची नाही, रक्तपेढीच्या हलत्या यंत्रावरच राहू द्यायची, हे परिचारिकांना तोंडी सांगून शिवाय चिठ्ठी लावली. फ्रिजमध्ये ठेवून वाया गेलेल्या एसडीपीची उदाहरणे कुठल्याही ओटीत सापडतात.

शस्त्रक्रियेत काय केले

चिरा सकाळी सातला. त्याआधी वीस मिनिटांत रक्तस्राव कमी करणारे ट्रानेक्झॅमिक ॲसिड ७०० मि.ग्रॅ., म्हणजे किलोला १० मि.ग्रॅ., मग तासाला ७० मि.ग्रॅ. ड्रिपने. डोस वाढवण्याचा मोह होतो, पण मोठ्या डोसने शस्त्रक्रियेनंतर फिटचे झटके येऊ शकतात आणि मूत्रपिंड मंद असताना (क्रिएटिनिन १.४) औषध अंगात साचते.

पंपाच्या नळ्या आखूड केल्या. सर्किट भरायला एरवी १४०० मि.ली. द्रव लागतो. पंप सुरू होण्याआधी रुग्णाचे स्वतःचेच रक्त उलट्या दिशेने नळ्यांत ओढून त्यातला सुमारे ५०० मि.ली. द्रव बाहेर काढला. कार्ट्रिजमुळे सुमारे १५० मि.ली. भर पडते, तीही यात धरली. एवढी काटकसर केल्यामुळे पंपावर हिमॅटोक्रिट (रक्तातल्या लाल पेशींचे टक्के प्रमाण) २६ च्या खाली गेले नाही.

हेपॅरिन किलोला ३०० युनिटने २०,००० दिले, तर एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारे सेकंद, ४१० वरच अडकले. दोन दिवस हेपॅरिनची ड्रिप चाललेल्या रुग्णात अँटिथ्रॉम्बिन, म्हणजे ज्याच्यामार्फत हेपॅरिन काम करते ते प्रथिन, कमी झालेले असते, म्हणून असे होते. आणखी ७,००० दिल्यावर ५१२ आले. ४८० च्या आत पंप सुरू करायचा नाही, हा नियम घाई असली तरी मोडला नाही. सर्किटमध्ये गुठळ्या झाल्या की प्लेटलेट्स आणि फायब्रिनोजेन (गुठळीचे जाळे विणणारे प्रथिन) तिथेच खर्ची पडतात आणि नंतरचा रक्तस्राव वाढतो.

कार्ट्रिजची जोडणी अशी: पंपाच्या पुढची, ऑक्सिजनेटरच्या (रक्तात प्राणवायू मिसळणाऱ्या भागाच्या) आधीची दाबाची बाजू, तिथून कार्ट्रिज, आणि कार्ट्रिजमधून परत शिरेच्या रक्ताच्या टाकीत. प्रवाह मिनिटाला ३०० ते ४०० मि.ली. हे रक्त रुग्णाकडे जातच नाही, फिरून टाकीत येते. तेव्हा परफ्युजनिस्टने (पंप चालवणाऱ्या तंत्रज्ञाने) तेवढाच प्रवाह मुख्य पंपावर वाढवायचा. ते विसरले तर पडद्यावरचा आकडा ठीक दिसतो आणि रुग्णाला प्रत्यक्षात कमी मिळते. कार्ट्रिज काही प्रतिजैविकेही शोषते, म्हणून सेफुरॉक्झिमचा डोस पंप सुटल्यावर पुन्हा दिला.

पंप १०४ मिनिटे चालला. छातीच्या आतली धमनी पुढच्या शाखेला, पायाच्या शिरेचे तुकडे इतर दोन ठिकाणी. तापमान ३४ अंशांच्या खाली नेले नाही. पंपावर असताना एसडीपी मुद्दाम दिली नाही. तेव्हा दिलेल्या प्लेटलेट्स सर्किटमध्येच झिजल्या असत्या.

पंप सुटल्यावर हेपॅरिनचा उतारा, प्रोटामीन. दिलेल्या सगळ्या हेपॅरिनला पुरेल इतके, म्हणजे १०० युनिटला १ मि.ग्रॅ. हिशेबाने २७० मि.ग्रॅ. होते. तेवढे दिले नाही. २१५ मि.ग्रॅ. पंधरा मिनिटांत दिले आणि एसीटी १२८ वर आले, सुरुवातीला १२४ होते. जास्तीचे प्रोटामीन स्वतःच रक्त गोठू देत नाही, ही गोष्ट ‘अजून थोडे द्या’ म्हणताना विसरली जाते. टाकीत उरलेले रक्त धुऊन सुमारे ३५० मि.ली. परत दिले.

इथे निर्णय अडखळला. छातीच्या आतली धमनी काढलेल्या जागी आणि हाडाच्या कडांवर ओल झिरपत होती. टाका सुटलेला नव्हता, क्लिपा जागेवर होत्या, रक्त नुसते पाझरत होते. टीईजी, म्हणजे गुठळी कशी बनते याचा आलेख काढणारी चाचणी, लावला, तर आलेख नॉर्मल, गुठळीची ताकद ५४. प्लेटलेट मोजणी १ लाख ३० हजार. ‘गोठण्यात काही दोष नाही, टाका शोधा’ असा अर्थ काढला गेला आणि पंचवीस मिनिटे शोध चालला.

पण साधा टीईजी या औषधाबद्दल काहीच सांगत नाही. त्यात वापरलेला चेतक इतका थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारा घटक) निर्माण करतो की टिकाग्रेलॉरने अडवलेला मार्ग सोडून प्लेटलेट्स दुसऱ्या मार्गाने जाग्या होतात. मोजणी प्लेटलेट्सची संख्या सांगते, त्या काम करतात की नाही ते सांगत नाही. त्यासाठी एडीपीवर (टिकाग्रेलॉर ज्याचा मार्ग अडवते त्या प्लेटलेट्स जागवणाऱ्या रेणूवर) आधारित वेगळी चाचणी लागते आणि ती तिथे नव्हती. अखेर भूलतज्ज्ञांच्या आग्रहाने पहिली एसडीपी दिली, जागेवर गरम गॉझ दाबून दहा मिनिटे थांबले आणि पाझर कमी झाला. दोन ड्रेन (साचणारे रक्त बाहेर काढणाऱ्या नळ्या) ठेवून छाती बंद केली.

आयसीयूतली पहिली रात्र

पुन्हा छाती कधी उघडायची याचे आकडे आधीच खाटेशी लावले होते: कुठल्याही एका तासात ४०० मि.ली., सलग तीन तास २०० च्या वर, किंवा वाहता ड्रेन अचानक थांबून शिरेतला दाब चढला तर. शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची. ड्रेनमध्ये काही येत नाही म्हणून समाधान मानले जाते आणि आत गुठळी हृदयाला आवळत असते.

पहिल्या तासात १९० मि.ली., दुसऱ्यात २४०. ओटी तयार ठेवायला सांगितले आणि तोवर एकेक कारण तपासले. रुग्णाचे तापमान ३५.२ होते. ओटीतून आयसीयूपर्यंतच्या एसी कॉरिडॉरमध्ये अंगावर एक चादर होती, बाकी काही नाही. गरम हवेचे पांघरूण लावले. आयनीकृत कॅल्शियम ०.९४ निघाले, ते भरून काढले. एसीटी १४८ होते, म्हणजे ऊतींत दडलेले हेपॅरिन रक्तात परतत होते, त्याला प्रोटामीन २५ मि.ग्रॅ. फायब्रिनोजेन १५० निघाले, क्रायोच्या दहा पिशव्या वितळवून दिल्या आणि दुसरी एसडीपी लावली. आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचे माप) १.४ होता. प्लाझ्मा मागवायचा हात अनेकांचा इथे पुढे होतो, पण तेवढ्यासाठी लिटरभर प्लाझ्मा ओतणे म्हणजे कमकुवत हृदयावर पाण्याचा भार. तो दिला नाही.

तिसऱ्या तासात १६०, चौथ्यात ९०, पाचव्यात ६०. ओटी मोकळी केली.

निष्पत्ती

चोवीस तासांत ड्रेन ११८० मि.ली. लाल पेशींच्या तीन पिशव्या, एसडीपी दोन, क्रायो दहा, प्लाझ्मा शून्य. छाती पुन्हा उघडावी लागली नाही. ॲस्पिरिन नळीतून बाराव्या तासाला सुरू केले. रक्तस्राव झालेल्या रुग्णात ते पुढे ढकलले जाते आणि नवे ग्राफ्ट (नव्याने जोडलेल्या रक्तवाहिन्या) बंद पडण्याचा धोका वाढतो. बलून दुसऱ्या दिवशी काढला. तिसऱ्या दिवशी लय बिघडली, ॲमिओडारोनने सुधारली. क्रिएटिनिन १.९ पर्यंत जाऊन १.५ वर आले. ड्रेन काढल्यावर क्लोपिडोग्रेल ७५ मि.ग्रॅ. सुरू केले, टिकाग्रेलॉर पुन्हा दिले नाही. नवव्या दिवशी सुटी, गुडघ्याच्या गोळ्या कायमच्या बंद.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यांत सोपी दुरुस्ती भरतीच्या टेबलावर होती. सोबत आलेली प्रत्येक पट्टी ताब्यात घ्यायची, गोळ्या मोजायच्या आणि ‘हॉस्पिटल देईल तेवढेच द्यायचे’ हे ज्याच्या हातात पिशवी आहे त्यालाच सांगायचे. इथे फाइलवर ‘टिकाग्रेलॉर बंद’ लिहिले होते, पण पत्नीला कोणी सांगितले नव्हते. तालुक्याने दिलेल्या सूचनेचे तिने अचूक पालन केले.

तालुक्याच्या चिठ्ठीत चार गोष्टी हव्यात: कोणते औषध, किती मि.ग्रॅ., किती वाजता, पुढचा डोस घरच्यांनी द्यायचा की नाही. कागद हरवला तरी चालावे म्हणून हाच मजकूर ईसीजीच्या कागदाच्या मागे लिहून त्याचा फोटो पुढच्या डॉक्टरांना पाठवता येतो.

टिकाग्रेलॉर द्यायलाच हवे होते का, यावर दोन मते आहेत. एसटी न उचललेल्या हृदयविकाराच्या झटक्यात, अँजिओग्राफी लवकर होणार असेल तर धमन्या पाहण्याआधी अशी औषधे सरसकट देऊ नयेत, असे युरोपीय हृदयरोग संघटनेची २०२० ची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. रुग्ण तासाभराच्या वाटेवर होता आणि एव्हीआर उचललेला होता, तेव्हा ॲस्पिरिन व हेपॅरिनवर पाठवणे बरे ठरले असते. पण जिथून अँजिओग्राफीला दोन-तीन दिवस लागतात, तिथल्या डॉक्टरांना हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या दुर्गम अक्कलकुवा-धडगावकडून येणाऱ्या रुग्णाचा हिशेब वेगळा असतो.

पहिली एसडीपी पंचवीस मिनिटे आधी जायला हवी होती. कॉरिडॉरमधली थंडीही टाळता येत होती.

आणि कार्ट्रिज? त्याने फायदा झाला असे या एका रुग्णावरून म्हणता येत नाही. एसडीपी चढवल्यावर पाझर कमी झाला, म्हणजे रक्तातले औषध उतरले असावे, असा तर्क करता येतो. पण पंप, गरम गॉझ आणि काळजीपूर्वक दिलेले प्रोटामीन हेही तेव्हा सोबत होतेच. चमूतल्या एका सर्जनांचे मत आजही हेच आहे की पंपाशिवाय केली असती तर कार्ट्रिजही लागले नसते.

दुसरे औषध असते तर

क्लोपिडोग्रेल किंवा प्रासुग्रेल असते तर कार्ट्रिज लावून उपयोग नव्हता. ती प्लेटलेटला कायमची बांधतात, रक्तात फिरणारे सक्रिय औषध लवकर संपते, त्यामुळे बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्स उलट चांगले काम करतात. झडप बदललेल्या रुग्णांची रक्त पातळ ठेवणारी ॲसेनोकुमॅरॉल ही गोळी असेल तर ती नियोजित शस्त्रक्रियेआधी साधारण तीन दिवस थांबवली की पुरते, वॉरफरिनला पाच. तातडीत व्हिटॅमिन के शिरेतून सावकाश आणि प्रोथ्रॉम्बिन कॉम्प्लेक्स (गोठण्याच्या घटकांचे मिश्रण). रक्त पातळ ठेवणाऱ्या डॅबिगाट्रानसाठी उतारा म्हणून इडारुसिझुमॅब ५ ग्रॅम. त्याच कामाच्या रिव्हारोक्साबान आणि ॲपिक्साबानचा उतारा म्हणून ओळखले जाणारे अँडेक्सानेट मात्र पंपाच्या आधी देऊ नये. ते हेपॅरिनचाही परिणाम मारते, आणि मग कितीही हेपॅरिन ओतले तरी एसीटी वर येत नाही.